उजव्या मॅग्नेटोवरची थरथर

आमचे विमान चार आसनांचे, वर पंख असलेले आणि १६० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरांच्या कार्ब्युरेटर इंजिनाचे आहे. आम्ही तिघांनी ते भागीदारीत घेतले आहे. मुक्कामाच्या विमानतळावर त्याला हँगर आहे, त्या इंजिनाचा स्वभाव ओळखणारे इंजिनिअर आहेत आणि हात लांब केला की हवा तो पाना सापडतो. त्यामुळे तिथे काही बिघडले तर वैमानिकाने काय जाणवले ते नीट सांगायचे आणि बाजूला व्हायचे, एवढेच त्याचे काम असते. हे सगळे सुमारे दोनशे नॉटिकल मैल मागे राहिलेले असताना इंजिन कुरकुरू लागले, तेव्हा मी काय केले, कुठे चुकले आणि खरे कारण कसे हाती लागले, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही एका छोट्या धावपट्टीवर उतरलो. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ३२०० फूट उंचीवर आहे. तिथे दुरुस्तीची सोय नाही, इंधनाचा एक पंप आणि विमाने बांधून ठेवायची जागा एवढेच आहे. रविवारी सकाळी परत निघायचे होते, कारण सोबतच्या मित्राला सोमवारी कामावर हजर राहायचे होते. नेहमीप्रमाणे धावपट्टीच्या टोकाशी थांबून इंजिन १७०० आरपीएमवर (मिनिटाला १७०० फेऱ्यांवर) नेले, किल्ली डाव्या मॅग्नेटोवर वळवली, तेव्हा ७५ ची घट दिसली. पुन्हा दोन्हींवर आणून उजव्यावर वळवली आणि संपूर्ण विमान थरथरू लागले. काटा २५० ने खाली आला होता. आमच्या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त घट चालत नाही आणि दोन्हींच्या घटीतला फरक ५० पेक्षा जास्त असून चालत नाही. इथे दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या होत्या.

ज्यांना या इंजिनांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अशा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी बंद पडली तरी मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच वीज निर्माण करत राहतो. दोन्ही प्लग पेटले की सिलिंडरमधले मिश्रण दोन बाजूंनी जळते आणि लवकर जळून संपते. एकच प्लग पेटला तर ज्वलनाला वेळ लागतो, म्हणून आरपीएम थोडे उतरतात. म्हणजे थोडी घट होणे हे प्रकृती ठीक असल्याचेच लक्षण आहे, उलट घट अजिबात झाली नाही तर काळजी करावी, कारण किल्ली फिरवूनही तो मॅग्नेटो बंद होत नसल्याची ती खूण असू शकते. मात्र एका मॅग्नेटोवर असताना एखाद्या सिलिंडरचा प्लग मुळीच पेटला नाही, तर ते सिलिंडर मेल्यासारखे होते आणि इंजिन तिघांच्या बळावर लंगडत चालते. ती थरथर कानांआधी पाठीला कळते.

मला कारण लगेच सुचले. सकाळी इंजिन सुरू केल्यापासून मी हवा-इंधनाचे मिश्रण पूर्ण रिच, म्हणजे जास्तीत जास्त इंधनाचे, ठेवले होते, आदल्या संध्याकाळीही उतरल्यावर लांबच्या टॅक्सी-मार्गावरून कमी आरपीएमवर तसेच आले होते, आणि ही धावपट्टी आमच्या मुक्कामापेक्षा बरीच उंच होती. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे पूर्ण रिच मिश्रणात इंधनाचे प्रमाण गरजेपेक्षा फार वाढते. आपण वापरतो त्या निळ्या १०० एलएल इंधनात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ते शिसे धुराबरोबर बाहेर जावे म्हणून त्यात एथिलीन डायब्रोमाइड मिसळलेले असते, पण त्याचे काम पुरेशा उष्णतेवरच होते. इंजिन मंद आणि थंड चालत राहिले की शिसे प्लगच्या खोबणीत साठते, विशेषतः खालच्या प्लगांत. यावरचा उपाय प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला शिकवलेला असतो: आरपीएम २००० च्या आसपास न्यावेत, मिश्रण लीन करावे, म्हणजे त्यातले इंधन कमी करावे, आणि मिनिटभर तसेच चालवून ती घाण जाळून टाकावी.

मी तसे केले. घट २५० वरून १४० वर आली. पुन्हा एकदा केले, तेव्हा ती ११० वर आली, म्हणजे मर्यादेच्या आत. दोन्हींतला फरक ३५ होता, तोही मर्यादेच्या आत. आकडे पुस्तिकेत बसत होते, हवामान उत्तम होते आणि मित्राने पट्टा आवळला होता. आसनातून मात्र अजून एक बारीक, अनियमित थरथर येत होती. ती मला जाणवली होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष करायला निघाले होते. हे कबूल करणे मला आवश्यक वाटते, कारण त्या दिवसाचा सर्वांत धोक्याचा क्षण तोच होता. तेवढ्यात मित्राने अगदी सहज विचारले, "आता नक्की कशामुळे बरे झाले?" माझ्याकडे अंदाज होता, उत्तर नव्हते. मी विमान वळवले आणि परत येऊन इंजिन बंद केले.

बंद करण्याआधी एक गोष्ट आवर्जून केली. इंजिन अगदी मंद करून किल्ली क्षणभर पूर्ण बंदवर नेली आणि इंजिन विझू लागताच परत दोन्हींवर आणली. यावरून दोन्ही मॅग्नेटो किल्लीने खरोखर बंद होतात, याची खात्री होते. पुढे प्रोपेलरजवळ हात जाणार असतील तर ही खात्री हवीच. मॅग्नेटो आणि किल्ली यांना जोडणारी तार तुटलेली असेल तर मॅग्नेटो कायम जिवंत राहतो, आणि हाताने फिरवलेला प्रोपेलरही इंजिन सुरू करू शकतो. खात्री झाल्यानंतरही मी प्रोपेलरला जिवंतच समजून वागते. किल्ली काढून सर्वांना दिसेल अशी डॅशबोर्डवर ठेवायची, मिश्रण बंद ठेवायचे, चाकांना पाचर लावायची आणि पात्याच्या फिरण्याच्या वाटेत शरीर आणायचे नाही, हे नियम घरी पाळावेत तसेच परक्या ठिकाणीही पाळले.

मग आमच्या इंजिनिअरांना फोन केला. मी सगळी कहाणी सुरुवातीपासून सांगू लागले, तर त्यांनी मध्येच थांबवले.

"एकाच मॅग्नेटोवर की दोन्हींवर?"

"फक्त उजव्यावर, सर. दोन्हींवर आणि डाव्यावर इंजिन अगदी मऊ चालते."

"मग इंधन, कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह हे सगळे आत्ता मनातून काढून टाक. ते बिघडले असते तर डाव्यावरही दिसले असते. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, मग कोणते सिलिंडर मुके आहे ते शोध. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. बदलण्याआधी काय होते ते लिहून ठेव."

त्यांचा पहिला प्रश्न अर्ध्या शक्यता एका झटक्यात बाजूला सारणारा होता. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साठणे, टाकीत पाणी असणे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये अडकणे या सगळ्यांमुळे इंजिन खडबडीत चालू शकते. अडकणाऱ्या व्हॉल्व्हचा तर ठराविक स्वभावच असा की सकाळी थंड इंजिन लंगडते आणि गरम झाल्यावर सुरळीत होते, म्हणून माझ्या मनात ती शंका आलीही होती. पण हे दोष कोणत्या मॅग्नेटोवर किल्ली आहे हे पाहत नाहीत. तरीही इंजिन थंड होईपर्यंत वेळ होता म्हणून मी टाक्यांच्या आणि गाळणीच्या तळाचे इंधन काढून पाहिले. ते निळे आणि स्वच्छ होते. तेल पुरेसे होते. मिश्रण बंद, किल्ली बाहेर अशा स्थितीत प्रोपेलर हळूहळू फिरवून चारही सिलिंडरांचा दाब हाताला सारखाच लागतो का, तेही पाहिले. चारही वेळा सारखाच जोर लागला.

काउलिंग बंद असेल तर इंजिन थंड व्हायला आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, म्हणून वरचे आवरण उघडून ठेवले. सव्वा तासाने हात ठेवता येईल इतके ते निवले. ही वाट पाहणे वगळता येत नाही. पुढच्या चाचणीचा सारा आधार असा आहे की पेटणारे सिलिंडर गरम होईल आणि न पेटणारे थंड राहील. सगळीच आधीपासून गरम असतील तर फरक दिसणार कुठून?

मी दोन्हींवर इंजिन सुरू केले, कारण आमच्या इंजिनात सुरू होताना जोरदार ठिणगी देणारी यंत्रणा फक्त डाव्या मॅग्नेटोला आहे. ते सुरू होताच किल्ली उजव्यावर नेली. १२०० आरपीएमवर, जिथे थरथर सर्वांत स्पष्ट होती तिथे, सुमारे चाळीस सेकंद चालवले आणि किल्ली उजव्यावरच ठेवून मिश्रण तोडून बंद केले. लगेच उतरून इन्फ्रारेड तापमापकाने प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट नळीचे तापमान सिलिंडरच्या अगदी जवळ मोजले. पहिल्याचे १३८ अंश, दुसऱ्याचे १४६, चौथ्याचे १४१. तिसऱ्याचे फक्त ५२. चाचणी इतकी निःसंदिग्ध उत्तर देईल असे मला वाटले नव्हते. तापमापक जवळ नसेल तर प्रत्येक नळीवर पाण्याचे दोन थेंब टाकले तरी कळते, जिथे पाणी चुरचुरत उडून जात नाही ते मुके सिलिंडर.

आमच्या विमानात उजवा मॅग्नेटो उजव्या बाजूच्या सिलिंडरांचे खालचे आणि डाव्या बाजूच्यांचे वरचे प्लग पेटवतो, तर डावा मॅग्नेटो डाव्यांचे खालचे आणि उजव्यांचे वरचे. एक आणि तीन क्रमांकाची सिलिंडरे उजवीकडे आहेत. म्हणजे संशयित एकच उरला: तिसऱ्याचा खालचा प्लग, किंवा त्याला ठिणगी नेणारी केबल, किंवा मॅग्नेटोतले त्याचे टोक. आठ प्लगांपैकी एकावर बोट ठेवता आले. सगळे आठ उघडून बसले असते तर वेळ गेला असताच, शिवाय बरोबर चाललेल्या सात ठिकाणी नवा घोळ घालण्याची संधी मी स्वतःलाच दिली असती.

प्लग काढून स्वच्छ करणे हे काम विमानाच्या मालक-वैमानिकाने करावे की नाही, हे विमान ज्या देशात नोंदलेले असेल तिथल्या नियमांवर ठरते. अमेरिकेच्या विमान-नियमांतल्या भाग ४३ च्या परिशिष्टात वैमानिकाला करता येणाऱ्या देखभालीच्या कामांची यादी आहे आणि तीत प्लग स्वच्छ करणे, बदलणे व त्यांचे अंतर जुळवणे आहे. केबल बदलणे त्या यादीत नाही. आपल्याला काय करण्याची मुभा आहे हे प्रवासाला निघण्याआधीच माहीत असावे, कारण तळपत्या उन्हात पाना हातात धरून नियम आठवू लागलो तर आपल्याला सोयीचे तेवढेच आठवते. मला प्लगपर्यंतची मुभा होती आणि घरी इंजिनिअरांच्या देखरेखीखाली मी हे काम अनेकदा केलेले होते.

विमानात मी एक लहान पिशवी ठेवते. तीत प्लगचा सात-अष्टमांश इंचाचा खोल सॉकेट, केबलच्या नटाचा तीन-चतुर्थांश इंचाचा पाना, टॉर्क पाना, तांब्याचे नवे वॉशर, आट्यांना लावायचे वंगण, टोकदार आकडा, मल्टिमीटर आणि बॅटरी असते. केबलचा नट सोडवताना दुसऱ्या हाताने केबल घट्ट धरावी लागते. ती नटाबरोबर फिरली तर आतला भाग पिळवटतो. हे वाक्य मी त्या दिवशी यांत्रिकपणे आठवले, त्याचा खरा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरला. आटे कोरडे होते, तेलकटपणा नव्हता, त्यामुळे पिस्टनच्या रिंगांची काळजी मिटली. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या चिनीमातीच्या खोबणीत मात्र मोहरीच्या दाण्याएवढी राखाडी, चकचकीत गोळी रुतून बसली होती. तिने मधला भाग आणि कडा यांच्यात पूल बांधला होता. ठिणगीला उडी मारण्याची गरजच उरली नव्हती, ती त्या पुलावरून चालत जात होती. आकड्याच्या टोकाने हळूहळू टोकरत ती बाहेर काढली. तारेचा ब्रश तिथे चालवू नये, त्याचे धातूचे ओरखडे चिनीमातीवर राहतात आणि त्यांतून वीज गळते. मल्टिमीटरने प्लगचा रोध पाहिला, तो १२०० ओहम भरला. ५००० ओहमच्या पुढे गेलेला प्लग टाकून द्यावा असा संकेत आहे, म्हणजे हा चांगलाच होता. नवा वॉशर घातला, पहिला आटा सोडून वंगणाचा पुसट हात दिला आणि ३० ते ३५ फूट-पाउंड या मर्यादेत आवळला.

तुलनेसाठी पहिल्या सिलिंडरचा खालचा प्लगही काढून पाहिला होता. त्याच्यावर शिशाचा हलका थर होता, गोळी नव्हती. इथे मी थांबून विचार करायला हवा होता. माझ्या रिच मिश्रणामुळेच हे झाले असेल, तर त्याच इंधनावर, त्याच टॅक्सी-मार्गावरून आलेला शेजारचा प्लग इतका स्वच्छ कसा? मी मनाशी म्हटले की कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरांना इंधन सारखे पोहोचत नाही, तिसऱ्याला जास्त जात असेल. हे विधान खरे आहे, आणि म्हणूनच ते मला पटले. पण ते मी पडताळून पाहिले नव्हते, केवळ माझ्या पहिल्या अंदाजाला टेकू म्हणून वापरले होते.

पुन्हा रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची ती इंजिन-तपासणी, केला. डाव्यावर ७५, उजव्यावर ९०, थरथर नाही. मित्राने सामान परत विमानात ठेवले. फोनवर इंजिनिअरांनी आनंद व्यक्त केला नाही. "दहा मिनिटे जमिनीवर चालव, एकदा पूर्ण शक्तीवर ने आणि मग परत तपास," एवढेच म्हणाले. मी विमान वाऱ्याला सामोरे उभे केले, मिश्रण या वेळी नीट लीन ठेवले आणि दहा मिनिटे घड्याळ लावून चालवले. त्यानंतर उजव्यावर १८० ची घट आली आणि तीच ओळखीची थरथर परतली. या वेळी तिला रिच मिश्रणाचे निमित्तही नव्हते.

आता खरा शोध सुरू झाला. तिसऱ्या सिलिंडरचा खालचा प्लग वर आणि वरचा प्लग खाली, एवढीच अदलाबदल केली. केबली जागच्या जागी ठेवल्या. दोष प्लगमध्ये असेल तर तो प्लगबरोबर वर जाईल आणि डाव्या मॅग्नेटोवर थरथर दिसेल. तो केबलमध्ये किंवा मॅग्नेटोत असेल तर उजव्यावरच राहील. मला ही चाचणी फार सुंदर वाटते, कारण तिला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही आणि तिचे उत्तर कोणत्याही बाजूने आले तरी काहीतरी सिद्ध होते. पुन्हा दहा मिनिटे चालवले. डाव्यावर ७५. उजव्यावर १७०, थरथरीसह. प्लग निर्दोष सुटला होता.

मी केबलचे टोक उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले. प्लगच्या नळीत शिरणारा भाग पांढऱ्या इन्सुलेटरचा असतो आणि त्याच्या टोकाला छोटी स्प्रिंग असते. त्या पांढऱ्यावर स्प्रिंगपासून नटाच्या दिशेने जाणारी एक बारीक काळी रेघ होती, कुणी टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी, थोडी नागमोडी. बोटाने पुसली, गेली नाही. ठिणगी प्लगमधून जाण्याऐवजी या रेघेवरून बाहेरच्या धातूकडे पळत होती आणि पळताना स्वतःची वाट आणखी खोल कोरत होती.

दुपारचे तीन वाजले होते आणि मोह समोर उभा होता. डावा मॅग्नेटो उत्तम होता, दोन्हींवर इंजिन मऊ चालत होते, आकाश स्वच्छ होते आणि घर अडीच तासांवर होते. उड्डाणात असताना एक मॅग्नेटो बिघडला तर चांगल्यावर किल्ली ठेवून जवळच्या धावपट्टीवर उतरावे असेच शिकवतात. पण ती सोय उतरण्यासाठी आहे, त्या भरवशावर निघण्यासाठी नाही. इंजिनाला मान्यता देतानाच दोन स्वतंत्र ज्वलन यंत्रणांची अट घातलेली असते, त्यांतली एक कमी आहे हे ठाऊक असताना निघणे म्हणजे राखीव आधार दारातच खर्च करून टाकणे होते. मी मित्राला स्पष्ट सांगितले की आज विमान जाणार नाही. दिवसभर मी त्याला "तासाभरात निघू" असे तीनदा सांगितले होते, आणि प्रत्येक वेळी तो दिलेला शब्द पाळण्याचे ओझे माझ्याच निर्णयावर चढत गेले होते. तेव्हापासून मी दुरुस्ती चालू असताना कुणालाही निघण्याची वेळ सांगत नाही. तो संध्याकाळच्या बसने गेला. तो गेल्यावर मनावरचा ताण इतका उतरला की आधी तो किती होता हे तेव्हा कळले.

सोमवारी दुपारी जवळच्या मोठ्या विमानतळावरचे एक इंजिनिअर गाडीने आले. माझ्या वहीतले सगळे आकडे आमच्या इंजिनिअरांनी त्यांना फोनवर वाचून दाखवले होते, म्हणून ते योग्य केबल आणि तपासणीचे यंत्र घेऊनच आले. त्या यंत्राने केबलमध्ये उच्च दाबाची वीज सोडली की ती कुठे गळते ते कळते. उजव्या मॅग्नेटोच्या चार केबलींपैकी तीन ठीक निघाल्या, तिसऱ्याची लगेच गळू लागली. त्यांनी मॅग्नेटोचे झाकण उघडून आतली टोकेही पाहिली, ती स्वच्छ होती. मग हवेचा दाब देऊन तिसऱ्या सिलिंडरची गळती मोजली, तेव्हा ८० पैकी ७६ टिकले, म्हणजे सिलिंडर ठीक होते.

इन्सुलेटर कापून त्यांनी मला दाखवला. रेघेखाली केसाएवढी तडा होती आणि केबलच्या आतल्या भागाला पीळ बसलेला होता. मागे कधीतरी नट आवळताना केबल हाताने धरली गेली नसावी, असे त्यांचे मत पडले. मग त्यांनी क्रम उलगडला. तडेतून थोडी वीज गळत होती, म्हणून प्लगला अशक्त ठिणगी मिळत होती. अशक्त ठिणगीमुळे खालच्या प्लगवर शिसे साठत गेले. शिसे साठलेल्या प्लगमधून ठिणगी पार व्हायला आणखी कठीण, म्हणून आणखी वीज तडेतून गेली आणि काळी रेघ खोल झाली. प्लग स्वच्छ केल्यावर ठिणगीला तो मार्ग काही काळ पुन्हा सोपा झाला, आणि म्हणून पहिली दहा मिनिटे सगळे ठीक वाटले. सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो तेव्हा प्लगच्या फटीतून उडी मारायला वीजदाबही जास्त लागतो, त्यामुळे तोच दोष पूर्ण शक्तीवर, म्हणजे उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात, सर्वांत जोरात उफाळून आला असता. माझ्या टॅक्सीच्या सवयीने त्यात भर घातली होती, पण मूळ तिचे नव्हते. मी ज्या शिशाच्या गोळीला कारण समजले होते, ती परिणाम होती.

नवी केबल बसवून, तिला एक्झॉस्टपासून दूर बांधून आणि लॉगबुकात नोंद करून सही करेपर्यंत सूर्य कलला होता. मी रात्र तिथेच काढली.

मंगळवारी सकाळी एकटीच निघाले. रन-अपला डाव्यावर ७५, उजव्यावर ८० अशी घट आली. थेट घराकडे न वळता धावपट्टीच्या माथ्यावरच गोल गोल चढत जमिनीपासून ३००० फुटांवर गेले, कारण तिथून इंजिन थांबले तरी पंखांवर तरंगत त्याच धावपट्टीवर उतरता आले असते. तिथे वीस मिनिटे प्रवासाच्या शक्तीवर चालवून मॅग्नेटो पुन्हा तपासले. हवेत, भाराखाली केलेली ही तपासणी जमिनीवरच्यापेक्षा जास्त काही सांगते, पण हात अगदी सावकाश चालवावा लागतो. चुकून किल्ली बंदवर गेली तर घाईने परत फिरवू नये, आधी थ्रॉटल पूर्ण मागे घ्यावा, नाहीतर न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये एकदम पेटते. किल्ली उजव्यावर असताना मी आसनावर पाठ घट्ट टेकवून बसले आणि वाट पाहिली. इंजिनाचा सूर किंचित उतरला आणि तिथेच स्थिर राहिला. पाठीला काहीही जाणवले नाही. तेव्हा नाक घराच्या दिशेने वळवले.

दहा तासांच्या उड्डाणानंतर आमच्या इंजिनिअरांबरोबर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे खालचे प्लग पुन्हा काढले आणि एका स्वच्छ फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तोच फिका तपकिरी-राखाडी थर होता. कोणता कुठला हे ओळखण्यासाठी आम्हाला त्यांच्यावर खडूने लिहिलेले क्रमांक पाहावे लागले.